बाकी काही नको, एक फाइल

गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तुला एवढं काय आवडतं, असं ऑफिसात कुणी विचारलं की माझं उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात. त्यांना गोरूटीनबद्दल ऐकायचं असतं, चॅनलबद्दल ऐकायचं असतं, म्हणजे एका वेळी अनेक कामं हाकायच्या गोच्या सोयींबद्दल. मी म्हणतो, एससीपी, म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्यावर फाइल कॉपी करायची कमांड. लॅपटॉपवर बिल्ड केलेली, म्हणजे कोडापासून तयार झालेली, एक फाइल सर्व्हरवर कॉपी करायची, चालू करायची, वेबसाइट सुरू. त्या सर्व्हरवर गो बसवलेलं नसतं आणि बसवायचं कारणही नसतं.

यात काय विशेष, असं ज्याला वाटतं त्याने नशीब काढलंय. पायथनचं ॲप्लिकेशन नव्या मशिनवर चढवायचं म्हणजे आधी पायथनची नेमकी आवृत्ती, मग व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट नावाची त्याची वेगळी खोली, मग पिप या साधनाने आणायची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, त्यातलं एखादं हमखास सी कंपायलर मागणारं. नोडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं, असल्याच पॅकेजेसनी ठासलेलं नोड-मॉड्यूल्स नावाचं फोल्डर ज्याने एकदा पेन ड्राइव्हवर कॉपी करून पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. नमनालाच घडाभर तेल. कंपनीत हे खपून जातं, कारण ते तेल ओतायला तिथे स्वतंत्र टीम असते. मी ज्या कामाबद्दल लिहितोय तिथे टीम नाही. तिथे मी आहे, तोही सवड मिळेल तेव्हा.

काम आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं. गाव तालुक्याचं, जिल्हा कोल्हापूर. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली, अ-ब-क-ड वर्गांत विभागलेली जी हजारो वाचनालयं महाराष्ट्रात आहेत त्यांतलंच हे एक. पुस्तकं शोधायची, दिली-घेतली नोंदवायची, कुणाकडे काय थकलंय त्याची यादी काढायची, एवढंच मागणं. वर्गणीतून परवडेल असा एक जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर. असल्या जागी सॉफ्टवेअर लिहिणं अवघड नसतं. लिहिणारा दोन वर्षांनी नोकरी बदलून बंगळुरूला गेला की ते चालू ठेवणं अवघड असतं.

गंमत अशी, की ही भाषा असल्या कामासाठी जन्मलीच नव्हती. गोच्या कर्त्यांपैकी एक, रॉब पाइक यांनी एका भाषणात सांगितलंय, की २००७ च्या सप्टेंबरच्या सुमारास ते गूगलमधल्या एका अवाढव्य सी प्लस प्लस प्रोग्रॅमवर काम करत होते आणि मशिनांचा मोठा ताफा हाताशी असूनही कंपाइल व्हायला, म्हणजे कोडाचा चालणारा प्रोग्रॅम व्हायला, ४५ मिनिटं लागत होती. तिथून सुरू झालेल्या विचारात रॉबर्ट ग्रीसमर आणि केन थॉम्पसन सामील झाले. २००९ च्या नोव्हेंबरात भाषा सगळ्यांसाठी खुली झाली, २०१२ च्या मार्चमध्ये गो १ आलं. म्हणजे दुखणं होतं हजारो इंजिनिअर एकाच कोडात हात घालतात त्या ठिकाणचं. येणारे-जाणारे इतके, की कोडात हुशारी परवडत नाही. उद्या सकाळी नव्याने आलेल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. आता वाचनालयाकडे बघा. तिथे एकच माणूस सहा-सहा महिन्यांनी येतो आणि आपलाच कोड नव्याने आल्यासारखा वाचतो. दोन टोकं, पण गरज नेमकी तीच. गो छोट्या जागी इतकी चपखल का बसते, याचं मला पटलेलं कारण एवढंच आहे. वेग वगैरे नंतर. वाचनालयात एका वेळी फार तर चार जण शोधत असतात. त्यांच्यासाठी कुठलीही भाषा पुरेशी वेगवान आहे.

कोड रटाळ आहे, हे आधीच कबूल. इफ एरर नॉट निल, म्हणजे 'चूक झाली असेल तर', इफ एरर नॉट निल, पानामागून पान. फाइल उघडली, एरर बघा. क्वेरी चालवली, एरर बघा. पारायणाला बसल्यासारखं वाटतं. पण रात्री अकराला पुस्तक परत घेताना पान पांढरं पडलं, तर कुठल्या ओळीवर काय बिनसलं ते लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, साध्या इंग्रजीत लिहिलेलं सापडतं, कारण ते तिथे मीच लिहिलेलं असतं. इतर भाषांतल्यासारखा अपवाद (एक्सेप्शन) कुठून उडाला आणि कुठे जाऊन पडला याचा माग काढत बसावं लागत नाही.

फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, मी घेतलेलं नाही. जिन, एको, चाय ही मंडळी चांगलीच आहेत, पण २०२४ च्या फेब्रुवारीत गो १.२२ आल्यापासून भाषेसोबत येणाऱ्या नेट-एचटीटीपी या वेबच्या पॅकेजमध्येच विनंती 'गेट' (माहिती मागणारी) की 'पोस्ट' (माहिती पाठवणारी) ते लिहून पुढे पत्त्यात महिरपी कंसात आयडी देता येतो. बहुतेक छोट्या ॲप्लिकेशनना फ्रेमवर्क लागत होतं ते एवढ्यासाठीच. एचटीएमएलचे साचेही सोबत येतात, आणि ते बऱ्यापैकी शहाणे आहेत. सभासदाने अभिप्रायात स्क्रिप्टचा टॅग टाकला तरी तो कुठे छापला जातोय, मजकुरात, ॲट्रिब्यूटमध्ये की जावास्क्रिप्टमध्ये, हे ओळखून त्याप्रमाणे निष्प्रभ केला जातो. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. पायथनमधलं जँगो हे फ्रेमवर्क घेतलं असतं तर ग्रंथपालांचे भरायचे फॉर्म त्याच्या ॲडमिनने एका दुपारीत दिले असते. गोमध्ये ते फॉर्म हाताने बनवावे लागले. मला तो सौदा चालला. घाईत असलेल्याला चालणार नाही, आणि त्याने तो करूही नये.

आता त्या एका फाइलीत काय काय बसतं ते बघू. २०२१ च्या गो १.१६ पासून 'एम्बेड' आलं: कोडात एक सूचना लिहिली की साचे, सीएसएस, चित्रं, सगळं बिल्डच्या वेळी आत जातं. आमच्या फाइलीत मुक्ता हा फॉन्टसुद्धा आहे; मुंबईच्या एक टाइपने केलेला, खुल्या परवान्याचा. सगळं धरून वीसेक एमबी होतात. एकेकाळी मला हे फार वाटायचं, कारण रिकामा हॅलो वर्ल्ड सर्व्हरही पाच-सात एमबीचा होतो. आता नाही वाटत. व्हॉट्सॲपवर येणारा लग्नाचा व्हिडिओ याहून जड असतो.

पण 'बाकी काही नको' ही बढाई तपासून घ्यावी लागते. पहिला हिसका वेळेचा. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण साडेपाच तास पुढे. 'आशिया/कोलकाता', म्हणजे भारताची वेळ, मागितल्यावर गो तिचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शोधते. नेहमीच्या लिनक्सवर तो असतो. पण अगदी रिकाम्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमसाठी बांधलेल्या बंद डब्यात, प्रोग्रॅम टाकला तर नसतो, आणि लॅपटॉपवर बिनतक्रार चाललेली गोष्ट तिथे एरर देते. उपाय २०२० पासून भाषेतच आहे. 'टाइम/टीझेडडेटा' इम्पोर्ट केलं की साऱ्या जगाचे टाइमझोन साडेचारशे केबीत शिदोरीसारखे सोबत बांधले जातात. त्याच रिकाम्या कंटेनरमध्ये बाहेरच्या एचटीटीपीएस सेवेला हाक मारली तर 'अननोन अथॉरिटी' म्हणून नकार येतो, कारण विश्वासाची मूळ सर्टिफिकेटंही ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्यायची असतात.

तारखेचा विषय निघालाच आहे म्हणून. तारीख कशी छापायची हे गोला सांगायचं तर एक ठरलेली नमुना तारीख लिहून दाखवायची: २ जानेवारी २००६, दुपारचे तीन वाजून चार मिनिटं पाच सेकंद. अमेरिकन क्रमाने महिना आधी लिहिला की एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असं सरळ येतं, म्हणून लक्षात राहतं म्हणे. आपण दिवस आधी लिहिणारे. माझ्या लक्षात ते आजही राहत नाही. प्रत्येक वेळी जुन्या कोडातून उचलतो.

दुसरा हिसका सीचा. डेटाबेस एसक्यूलाइट आहे, तीही एकच फाइल, वाचनालयाला पुरून उरते. पण एसक्यूलाइट सी भाषेत लिहिलेली, आणि तिच्याशी बोलणारा सगळ्यात प्रसिद्ध गो ड्रायव्हर सीजीओ, म्हणजे गोमधून सी कोड बोलावण्याची सोय, वापरतो. मॅकवर बसून लिनक्ससाठी बिल्ड करताना सीजीओ आपोआप बंद होतं. बिल्ड मुकाट होतो, फाइल सर्व्हरवर जाते, आणि पहिल्याच क्वेरीला ती सांगते की मला सीजीओशिवाय चालता येत नाही. सीजीओ चालू ठेवून दुसऱ्या लिनक्सवर बिल्ड केलं तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या आवृत्त्यांचं भांडण लागू शकतं. नव्या मशिनवर बांधलेलं जुन्यावर उभंच राहत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी गो घेतली तेच गेलं. यातून सुटायला मी मॉडर्नसी नावाचा ड्रायव्हर वापरतो. त्यात एसक्यूलाइटचा सगळा सी कोड यंत्राने गोमध्ये उतरवलेला आहे. सीपेक्षा काहीसा हळू, पण सीजीओची कटकट नाही, आणि फाइल पुन्हा खरोखरच एकटी उभी राहते.

इथवरचं सगळं कुठल्याही देशातल्या वाचनालयाला लागू होईल. आमच्याकडचा खरा खेळ सुरू झाला तो ग्रंथपाल काकूंच्या फोनने.

"अरे, 'किनाऱ्यावर' टाकलं की काहीच दाखवत नाही बघ. पुस्तक तर माझ्यासमोर टेबलावर आहे की."

'ऱ्या' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, मग काना. दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, मग य आणि काना. पडद्यावर दोन्ही सारखीच उमटतात. मोजायला गेलं तर पहिलं १२ बाइटचं, दुसरं १५. जुनी यादी कुणी कुठल्या कीबोर्डने टाइप केली, काकू मोबाइलवर कुठला वापरतात, यावर पुस्तक सापडणार की नाही ते ठरत होतं. युनिकोडचं सामान्यीकरण करणारं, म्हणजे समान धरलेली लेखनं एकसारखी करणारं, गोचं पॅकेज आहे. र आणि नुक्ता वेगवेगळे आले तर ते जोडून ऱ करून देतं, पण झेडडब्ल्यूजेच्या वाटेला जात नाही, कारण नियमानुसार ती दोन वेगळी लेखनं आहेत. शेवटी स्ट्रिंग्ज पॅकेजातल्या रिप्लेसरला आपणच सांगायचं, की हे दिसलं की ते धर.

गोच्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुरात, असतात बाइट. लेन (लांबी) विचारलं तर बाइट मोजून देते. 'ज्ञानेश्वर' आपल्या दृष्टीने चार अक्षरी. गोला ते तीस बाइट. रून, म्हणजे युनिकोडची एकेक चिन्हं, म्हणून मोजायला सांगितलं तर दहा. पुस्तकाचं टिपण शंभरावर कापून दाखवायचं ठरवलं आणि बाइटवर कापलं तर शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येतो. रूनवर कापलं तर तो जातो, पण मात्रा किंवा हलन्त लोंबकळत राहू शकतो. सगळ्यात सोपं म्हणजे मर्यादेच्या अलीकडची शेवटची मोकळी जागा शोधून तिथे थांबायचं. शब्द अख्खा राहतो आणि मराठी वाचणाऱ्याला काही खटकत नाही.

मला यात तक्रार वाटत नाही, उलट थोडं कौतुकच वाटतं. युनिकोडची चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या ज्या यूटीएफ-८ पद्धतीमुळे देवनागरी, तमिळ, चिनी आणि इंग्रजी एकाच फाइलीत सुखाने नांदतात, ती योजना १९९२ साली सप्टेंबरच्या सुमारास न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर आखली ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच. म्हणजे गोचेच कर्ते. त्यांच्या भाषेत सोर्स फाइलसुद्धा यूटीएफ-८ असावी लागते; एन्कोडिंग कुठलं, असा प्रश्नच उरत नाही. आमच्या वाचनालयाची अर्धी जुनी यादी युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये होती, जिथे फॉन्ट बदलला की ग्रंथसूचीचा अगम्य मंत्र व्हायचा. ते साफ करताना जी करमणूक झाली ती ज्यांनी भोगलीय त्यांना ठाऊक आहे.

शोध चालू झाल्यावर काकूंशी वेगळाच वाद झाला. मी शोधाच्या किल्लीत ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाकले: पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी सारखीच, उकारही तसेच. लोक मोबाइलवर कसंही टाइप करतात, त्यांना पुस्तक सापडलं म्हणजे झालं. काकूंना हे अजिबात पटेना. "सारखंच धरायचं? मग शाळेत आम्ही पोरांना पट्ट्या कशाला मारल्या?" निवृत्त शिक्षिका आहेत त्या. मग तडजोड निघाली. छापताना पुस्तकावर असेल तसंच. शोधताना तंतोतंत जुळणारं वर आणि बाकीचं खाली. क्रमवारीवरही हेच. बाइटच्या क्रमाने ळ येतो लच्या शेजारी आणि क्ष जातो कच्या पोटात. काकूंच्या रजिस्टरात ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. 'काळ' आधी की 'कावळा' आधी, हे सांगायला गोचं कोलेट पॅकेज आहे, भाषा मराठी आहे असं त्याला सांगावं लागतं. इथे मात्र वाद घालायला मी गेलोच नाही. रजिस्टर माझ्याहून जुनं आहे.

चढवण्याचं काम बघायचं तर असं असतं. जीओओएसमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्स, जीओआर्कमध्ये प्रोसेसरचा प्रकार एएमडी६४, मग गो बिल्ड. दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीची फाइल इतक्या सहज मिळते की त्याचं अप्रूप राहत नाही. ती फाइल थेट चालू प्रोग्रॅमवर कॉपी करायला गेलं तर लिनक्स अडवतं: 'टेक्स्ट फाइल बिझी'. जी फाइल या क्षणी चालते आहे तिच्यात लिहू देत नाही, आणि तेच बरोबर आहे. म्हणून नव्या नावाने कॉपी करायची आणि एमव्ही करून नाव बदलायचं. नाव बदलायला हरकत नसते. चालू प्रोग्रॅम आपली जुनी फाइल धरून बसलेला असतो, नावाशी त्याला देणंघेणं नाही. मग सिस्टमडीला, म्हणजे प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थापकाला, रीस्टार्ट सांगायचं. तो आधी थांबण्याचा सिग्नल पाठवतो. प्रोग्रॅमने तो ऐकून सर्व्हरचं शटडाउन बोलावलं, तर हातातल्या विनंत्या पुऱ्या होतात आणि मगच दार बंद होतं. ही सोय २०१७ च्या गो १.८ पासून आहे. जुनी फाइल मी शेजारीच ठेवतो. बिनसलं तर पुन्हा एक एमव्ही, पुन्हा एक रीस्टार्ट, काल होतं तसं.

वेळमर्यादा मात्र आपण होऊन घालाव्या लागतात. उदाहरणात दाखवतात तो सर्व्हर सुरू करणारा एका ओळीचा लिसन-अँड-सर्व्ह कसलीच मर्यादा घालत नाही. एखाद्या ग्राहकाने जोडणी उघडली आणि थेंब थेंब हेडर, म्हणजे विनंतीच्या सुरुवातीच्या ओळी, पाठवत बसला तर गो बिचारी ऐकत बसते. रीड, राइट आणि आयडल असे तीन टाइमआउट लिहिले की झालं. पुढे कॅडी नावाचा वेब सर्व्हर उभा केलाय, तोही गोमध्येच लिहिलेला. एचटीटीपीएसची नव्वद दिवसांची सर्टिफिकेटं तोच मागतो आणि तोच बदलतो.

कंटेनर बांधणारं डॉकर का नाही, असे अनेक कंटेनर हाकणारं कुबरनेटीस का नाही, हे विचारणारे मित्र आहेत. दोन्ही गोमध्येच लिहिलेत, सर्व्हर उभारणारं टेराफॉर्म आणि त्यांवर नजर ठेवणारं प्रोमिथियसही. ज्या भाषेने एका फाइलीत भागवून दाखवलं त्याच भाषेत लोकांनी फाइली हाकणारे एवढे मोठे कारखाने उभारले, याची मला मजा वाटते. कारखान्याला ते हवेतच. आमच्याकडे एक सर्व्हर, एक फाइल आणि एक डेटाबेस आहे. त्या डेटाबेसची प्रत रात्री एसक्यूलाइटच्या 'व्हॅक्यूम इंटू' कमांडने घेतली जाते, कारण डब्ल्यूएएल (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवायची पद्धत) चालू असताना नुसती मूळ फाइल कॉपी केली तर ताजे बदल शेजारच्या फाइलीत राहून जाऊ शकतात. प्रत वाचनालयाच्या संगणकावर येते. ती सापडते का आणि उघडते का, हे काकू महिन्यातून एकदा बघतात.

अध्यक्षांनी एकदा सभेत विचारलंच, "उद्या तू अमेरिकेला गेलास तर?" रास्त प्रश्न. अवलंबून असलेली पॅकेजेस व्हेंडर करून, म्हणजे त्यांच्या प्रती काढून, कोडासोबत ठेवली आहेत, म्हणजे कुणी कुठलं भांडार बंद केलं तरी बिल्ड होईल. आणि गो १ साठी लिहिलेला कोड पुढच्या गो १ च्या आवृत्त्यांवर चालत राहील, असं भाषेच्या लोकांनी २०१२ मध्ये दिलेलं वचन त्यांनी आजवर बहुतांशी पाळलंय. पण अध्यक्षांना वचन नको होतं, माणूस हवा होता. म्हणून गावातल्याच कॉलेजातल्या बीएस्सी कॉम्प्युटरच्या एका मुलाला मी बसवला. त्याने गो आधी पाहिली नव्हती. संध्याकाळभर कोड चाळला आणि विचारलं, "सर, यात फ्रेमवर्क कुठाय?"

नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. मग त्याने थकलेल्या पुस्तकांची यादी गल्लीनुसार लावायचं काम मागून घेतलं. शिपाई मामा सायकलवर वसुलीला जातात आणि सभासद क्रमांकानुसार लावलेली यादी त्यांना गावभर उलटसुलट फिरवते, हे मला कधी सुचलं नव्हतं. त्याने पाठवलेल्या बदलात निम्म्या ओळी एरर बघण्याच्याच होत्या. "फार लिहावं लागतं हो सर," म्हणाला. लागतं, म्हटलं. फाइल त्यानेच बांधली, त्यानेच चढवली. यादी आता गल्लीनुसार निघते. फक्त 'शिवाजी चौक' आणि 'शिवाजीचौक' अजून वेगवेगळे येतात, ते एक करायचं काम त्याच्याकडेच आहे.